रायफलच्या काडतुसात दारूचे माप कसे ठरवावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे? गोव्यात घरी काडतुसे भरता येतात का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते न वाचता कोणी पुढे जाऊ नये. भारतात शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे तो परवाना नव्हे. याच कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतुसे तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप एवढी शिक्षा आहे. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेल्या परवान्याच्या बंदुका आहेत, आणि ‘आजोबा ठासणीच्या बंदुकीत दारू घरीच भरत होते, मग आम्ही काडतूस भरले तर काय बिघडले’ असे मला अनेकदा विचारले जाते. कायद्याने बिघडते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे पदार्थविज्ञानानेही बिघडू शकते. शंका असेल त्याने जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना विभागात लेखी विचारणा करावी.

हे पान मुख्यतः परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या माणसांसाठी आहे. न्यूझीलंड, कॅनडा, इंग्लंड अशा देशांत परवानाधारकाला स्वतःच्या रायफलसाठी काडतुसे भरता येतात आणि तेथे गेलेले अनेक गोमंतकीय हा छंद जोपासतात. मी स्वतः चौदा वर्षे न्यूझीलंडमध्ये होतो, तेथेच हे शिकलो आणि फोंड्याला परतल्यावर भरण्याचे काम पूर्णपणे सोडले. मात्र प्रश्न येत राहिले, आणि तेही बहुधा मराठीत, कारण भीती किंवा शंका वाटली की माणूस आपल्याच भाषेत विचारतो. ज्यांना कारखान्यातील काडतुसेच वापरायची आहेत त्यांच्यासाठीही शेवटी थोडे लिहिले आहे.

येथे एकाही काडतुसासाठी दारूचा नेमका आकडा का दिलेला नाही?

कारण तो आकडा दारूच्या उत्पादकाने किंवा गोळीच्या उत्पादकाने दाबमापक नळीत चाचणी घेऊन छापलेला असला पाहिजे. तो दुसऱ्या माणसाच्या वहीतून, चॅटवरील संदेशातून किंवा माझ्यासारख्याच्या लेखातून घेऊ नये. सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी टंकलिखाणात एक अंक चुकू शकतो. शिवाय त्याच्या रायफलचे चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसते ती पोकळी) आणि तुमच्या रायफलचे चेंबर यांत फरक असतोच. जवळजवळ सर्व मोठे दारूउत्पादक आपली चालू मापे विनामूल्य उपलब्ध करून देतात, त्यामुळे उसनवारीची गरजही उरत नाही.

माप थोडेसे वाढले तर एवढे काय होते?

हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर नीट समजले की बाकीचे बहुतेक नियम आपोआप समजतात. ठासणीच्या बंदुकीतील काळी दारू आणि आधुनिक काडतुसातील धूरविरहित दारू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. धूरविरहित दारू फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ साली तयार केली आणि नायट्रोसेल्युलोज हा तिचा मुख्य घटक आहे. उघड्यावर चिमूटभर पेटवली तर ती संथपणे, पिवळ्या ज्योतीने जळते आणि पाहणाऱ्याला निरुपद्रवी वाटते. पण तिच्या जळण्याचा वेग भोवतीच्या दाबावर अवलंबून असतो. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, अधिक वेगाने जळल्यामुळे वायू अधिक त्वरेने निर्माण होतो आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. म्हणजे ही क्रिया स्वतःलाच खतपाणी घालते. गोळी नळीतून पुढे सरकत जागा मोकळी करते, तेवढाच या वाढीला आवर बसतो.

३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी अमेरिकेतील सामी या शस्त्र-दारूगोळा उत्पादकांच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेने कमाल सरासरी दाब ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) ठरवला आहे, तर ३०-०६ साठी तो ६०,००० आणि २२३ रेमिंग्टनसाठी ५५,००० पीएसआय आहे. मोटारीच्या चाकात आपण साधारण ३२ पीएसआय हवा भरतो. त्याच्या जवळजवळ १,९०० पट दाब नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर, एक-दीड हजारांश सेकंदाच्या आत निर्माण होतो आणि ओसरतो. तो सगळा दाब पितळेच्या पातळ पुंगळीने (काडतुसाच्या कवचाने) आणि चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या दात्यांनी धरून ठेवलेला असतो.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. कमाल मापाच्या जवळ गेल्यावर दारूची प्रत्येक चिमूट दाब अधिक वाढवते आणि वेग मात्र त्या मानाने कमी वाढवते. शेवटच्या अर्ध्या ग्रेनने (ग्रेन हे दारूच्या वजनाचे एकक) मिळणारा वेग कागदावरील छिद्रात दिसतही नाही, पण त्याच अर्ध्या ग्रेनने सुरक्षिततेसाठी राखलेली जागा खाल्लेली असते. म्हणून वेगासाठी कमाल मापाचा पाठलाग करू नये, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात कोणत्या मापापासून करावी?

माहितीपुस्तिकेत ‘प्रारंभिक’ म्हणून दिलेल्या मापापासून करावी. केवळ कमाल माप दिलेले असेल तर त्यातून दहा टक्के वजा करून सुरुवात करण्याची रीत आहे, मात्र त्या दारूबाबत उत्पादकाने माप कमी करू नका असे लिहिले असेल तर त्याचेच ऐकावे. तेथून दारूच्या एकूण वजनाच्या साधारण एक टक्क्याच्या पायऱ्यांनी वर जावे. ३०८ एवढ्या काडतुसात ही पायरी ०.३ ते ०.५ ग्रेन आणि २२३ एवढ्या लहान काडतुसात ०.२ ग्रेनच्या आसपास येते. ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन असतात. दोन एककांची गल्लत जीवघेणी ठरू शकते, म्हणून तराजूच्या पडद्यावर कोणते एकक दिसत आहे हे दर वेळी मोठ्याने वाचावे.

दोन पुस्तिकांत एकाच गोळीसाठी वेगवेगळी कमाल मापे दिसतात. कोणती खरी?

दोन्ही खरी असतात, पण दोन वेगळ्या प्रयोगांसाठी. एकाने वेगळी पुंगळी वापरली, दुसऱ्याने वेगळा प्रायमर (पुंगळीच्या बुडातील खोबणीत बसणारी, सुई आदळताच दारू पेटवणारी टोपी) वापरला, एकाच्या नळीचे चेंबर घट्ट होते, दुसऱ्याने गोळी थोडी खोल बसवली, आणि दारूचा लॉटही (कारखान्यात एका वेळी बनलेली खेप) वेगळा होता. आपण ज्या घटकांनी भरणार आहोत त्यांच्याशी अधिक जुळणारी नोंद निवडावी आणि दोन्ही सारख्याच जुळत असतील तर कमी माप सांगणाऱ्या नोंदीला कमाल मानावे.

गोळीचे वजन तेच ठेवून गोळीची बनावट बदलली, तर माप तेच चालेल का?

चालणार नाही. १६८ ग्रेनच्या दोन गोळ्या तराजूवर सारख्या असल्या तरी नळीत सारख्या वागत नाहीत. एकीचा नळीला घासणारा भाग लांब असतो, एकीचे आवरण जाड असते. संपूर्ण तांब्याची गोळी शिशापेक्षा हलक्या धातूची असल्यामुळे त्याच वजनाला अधिक लांब होते, पुंगळीत अधिक आत जाते आणि दारूसाठी उरलेली जागा कमी करते. शिवाय तिला नळीतील पेचांत (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांत) शिरताना विरोधही वेगळा होतो. त्या गोळीसाठी छापलेली मापेच वापरावीत.

पुंगळीबाबतही हेच आहे. ३०८ विंचेस्टर आणि ७.६२ नाटो ही काडतुसे बाहेरून जवळजवळ सारखी दिसतात, पण लष्करी पुंगळीची पितळी भिंत सहसा जाड असते. बाहेरचा आकार तोच आणि भिंत जाड, म्हणजे आतील पोकळी लहान. आणि लहान पोकळीत तीच दारू टाकली की दाब वाढतो. म्हणून लष्करी पुंगळी वापरताना माप कमी करून पुन्हा तळापासून चढावे लागते. प्रायमर साध्याऐवजी मॅग्नम वापरला, गोळी नळीतील पेचांना टेकेल इतकी बाहेर बसवली, किंवा वारंवार वापराने लांब झालेली पुंगळी न कापता भरली, तरीही दाब वाढतो. पुंगळी लांब झाली की तिचे तोंड चेंबरच्या टोकाला दाबले जाऊन गोळीला चिमट्यासारखे पकडते. ३०८ ची पुंगळी ५१.१८ मिलिमीटरपेक्षा लांब असता कामा नये. ती मोजण्याला अर्धा मिनिट लागतो आणि तो अर्धा मिनिट प्रत्येक पुंगळीला द्यावा.

थोडक्यात नियम असा की एक जरी घटक बदलला तरी आधीचे माप रद्द समजावे. दारूचा नवा डबा त्याच नावाचा पण वेगळ्या लॉटचा असला, तरी मी दोन-तीन पायऱ्या खाली उतरूनच पुन्हा चढत असे.

दारूची नावे सारखी असतात, त्यांत गोंधळ होत नाही का?

होतो, आणि तो अतिशय धोक्याचा आहे. ‘एच ४८३१’ आणि ‘आयएमआर ४८३१’ या दोन वेगळ्या दारू आहेत. दुसरी पहिलीपेक्षा लवकर जळते. ‘४३५०’ आणि ‘४८९५’ या आकड्यांच्याही अशाच दोन-दोन दारू मिळतात. उलट बाजूने, एकच दारू दोन नावांनीही विकली जाते: ऑस्ट्रेलियात मुलवाला येथे तयार होणारी एडीआय या छापाची ‘एआर २२०८’ अमेरिकेत हॉजडन कंपनीच्या ‘व्हारगेट’ या नावाने मिळते आणि ‘एआर २२०९’ ही ‘एच ४३५०’ या नावाने मिळते. म्हणून वहीत केवळ आकडा लिहू नये. उत्पादक, अक्षरे, आकडा आणि लॉट असे पूर्ण नाव लिहावे.

दारू रंगावरून किंवा दाण्याच्या आकारावरून ओळखता येत नाही. दोन काळपट, लहान नळीसारखे दाणे असलेल्या दारूंच्या जळण्याच्या वेगात मोठा फरक असू शकतो. डब्यावरची चिठ्ठी निघून गेली असेल, किंवा दारू जुनी काडतुसे सोडवून काढलेली असेल, तर ती कितीही महाग असली तरी वापरू नये.

पुस्तिकेतील किमान मापाच्याही खाली गेलो तर अधिक सुरक्षित नाही का?

नाही. फार थोड्या दारूने गोळी नळीतच अडकू शकते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळली की नळी फुटू शकते. शिवाय मोठ्या पुंगळीत संथ जळणारी दारू बरीच कमी भरल्यास अनपेक्षितपणे प्रचंड दाब निर्माण झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. हलका मार हवा असेल तर त्यासाठीच छापलेली मापे आणि त्यासाठीची दारू वापरावी.

दाब वाढला आहे हे कसे ओळखावे?

झाडलेल्या पुंगळीवर खुणा दिसतात. प्रायमरच्या गोल कडा सपाट होऊन खोबणीत भरून येतात. सुईच्या खड्ड्याभोवती कडा उचलली जाते. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या (झाडलेली पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) छिद्राचा चमकदार ठसा उमटतो. बोल्ट वर उचलताना जड लागतो. प्रायमरची खोबण सैल होते आणि पुढच्या वेळी नवा प्रायमर अंगठ्यानेही बसतो. प्रायमरला छिद्र पडून काजळी बाहेर येणे ही तर अत्यंत गंभीर खूण आहे. यांतील कोणतीही दिसली की तेथेच थांबावे, त्या मापाची आणि त्याहून वरची उरलेली काडतुसे झाडू नयेत, घरी नेऊन सोडवावीत.

मात्र या खुणा उशिरा येतात, आणि एवढे एकच वाक्य कोणी लक्षात ठेवले तरी मला पुरेसे वाटेल. इजेक्टरचा ठसा उमटतो तेव्हा पितळेने नमते घेतलेले असते, आणि पितळ नमेपर्यंत दाब बहुतेक वेळा मान्य मर्यादेच्या वर गेलेला असतो. ‘खूण दिसेपर्यंत चढत जा आणि मग एक पायरी उतर’ असा सल्ला जुने लोक देत असत. तो आज कोणी देऊ नये आणि कोणी घेऊ नये. दुसरीकडे, सपाट प्रायमर दर वेळी जास्त दाबाचाच असतो असेही नाही. मऊ धातूचा प्रायमर असेल, किंवा पुंगळीचा खांदा (तोंडाजवळचा निमुळता भाग) आकार देताना गरजेपेक्षा मागे ढकलला गेला असेल, तर साध्या मापातही प्रायमर सपाट दिसतो. म्हणून खूण नाही म्हणजे दाब नाही असे समजू नये; आणि खूण दिसली तर कारण कळेपर्यंत गोळीबार बंद ठेवावा.

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) घ्यावा का?

घ्यावा. घरी भरणाऱ्याजवळ दाब मोजण्याचे साधन सहसा नसते, पण वेग मोजता येतो आणि वेग हा दाबाचा बऱ्यापैकी प्रामाणिक साक्षीदार आहे. पुस्तिकेत कमाल मापासाठी दिलेला वेग तुमच्या रायफलने दोन पायऱ्या आधीच गाठला, तर तुम्ही कमाल दाबावरही तेव्हाच पोहोचला आहात असे समजावे, मग पुंगळी कितीही निर्मळ दिसो. पुस्तिकेतील चाचणीनळीची लांबी मात्र पाहावी. तुमची नळी आखूड असेल तर वेग कमी असणेच स्वाभाविक आहे आणि तो भरून काढण्यासाठी दारू वाढवणे ही घोडचूक आहे.

हवामानाचा परिणाम किती होतो?

आमच्यासारख्या उष्ण प्रदेशातील माणसाने या प्रश्नाकडे थंड देशातल्या माणसापेक्षा अधिक लक्ष द्यावे. दारू गरम असेल तर ती लवकर जळते आणि दाब वाढतो. काही दारूंमध्ये तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वाढतो, तर तापमानाला दाद न देण्यासाठी खास बनवलेल्या दारूंमध्ये हा फरक बराच कमी असतो.

मी हे स्वतःच्या चुकीने शिकलो. ख्राइस्टचर्चजवळच्या रेंजवर जुलै महिन्यातील कडाक्याच्या थंडीत, तापमान चार अंशांच्या आसपास असताना, मी एक माप ठरवले. ते कमाल मापापासून जेमतेम अर्धा ग्रेन खाली होते, पुंगळ्या स्वच्छ होत्या आणि मी समाधानाने शंभर काडतुसे भरून ठेवली. फेब्रुवारीत, म्हणजे तेथील उन्हाळ्यात, तीच काडतुसे मोटारीच्या डिकीत दुपारभर राहिली. दुसऱ्याच गोळीला बोल्ट उघडेना. तो तळहाताने ठोकून उघडावा लागला आणि पुंगळीच्या बुडावर ठसा स्पष्ट उमटलेला होता. मला किंवा शेजारच्या माणसाला काही झाले नाही, यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. उरलेली अठ्ठ्याण्णव काडतुसे मी दोन रात्री बसून एकेक सोडवली.

तेव्हापासून माझा नियम असा की काडतुसे ज्या सर्वांत उष्ण दिवशी झाडली जाण्याची शक्यता आहे, तशाच दिवशी मापाची वरची मर्यादा तपासावी. सुट्टीत गोव्याला येणारा पाहुणा मे महिन्यातला उकाडा अनुभवतोच. सावलीत पारा तेहेतीस-चौतीस अंशांवर असतानाही पार्किंगमधील बंद मोटारीच्या आत तो पन्नासच्या वर जातो. परदेशातही उन्हाळ्यात हेच घडते. काडतुसे उन्हात, डॅशबोर्डवर किंवा गरम चेंबरमध्ये पडून राहू देऊ नयेत. सलग दहा-बारा गोळ्या झाडल्यानंतर तापलेल्या चेंबरात काडतूस घालून, नेम लागेपर्यंत मिनिटभर वाट पाहणारे अनेक असतात. त्या मिनिटात दारू भाजत असते.

पावसाळी, दमट हवेचे काय?

दारू हवेतील ओलावा शोषते आणि कोरड्या हवेत सोडते. दमट दारू संथ जळते, सुकलेली दारू लवकर जळते. दमट दिवसांत उघड्या डब्यातून मोजून ठरवलेले माप नंतर सुकलेल्या दारूने भरले, तर तराजूवर वजन तेच असूनही दाब अधिक येतो, कारण आधीच्या वजनात थोडे पाणीही होते. आपल्याकडे पावसाळ्यात मीठ पाझरते आणि पापड मऊ पडतात. दारूही त्याच हवेत असते हे सांगितले की आमच्या माणसांना मुद्दा लगेच पटतो. डब्याचे झाकण मोजून झाल्याबरोबर लावावे, दारू रात्रभर मापयंत्रात ठेवू नये, आणि ती उत्पादकाच्या मूळ डब्यातच थंड, कोरड्या जागी ठेवावी. दारू ‘सुकवण्यासाठी’ उन्हात किंवा चुलीजवळ कधीही ठेवू नये.

जुनी दारू बिघडली की तिला आंबट, झोंबणारा वास येतो, डब्यात तांबूस भुकटी किंवा धूर दिसतो आणि धातूचा डबा आतून गंजतो. तिच्यातील स्थिरता राखणारे रसायन संपल्याची ती खूण असते. अशी दारू ठेवणेही धोक्याचे असते, कारण ती आपोआप तापू शकते. तिची विल्हेवाट उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे आणि स्थानिक नियमांप्रमाणे लावावी.

तराजू कसा असावा?

०.१ ग्रेनपर्यंत विश्वासाने मोजणारा कोणताही तराजू पुरतो. दांडीचा की इलेक्ट्रॉनिक हा आवडीचा प्रश्न आहे. त्याच्याबरोबर प्रमाणित वजने मात्र असलीच पाहिजेत आणि ती भरण्याच्या मापाच्या जवळपासची असावीत. काम सुरू करताना, मध्ये आणि शेवटी तराजू त्यांवर तपासावा. इलेक्ट्रॉनिक तराजू चालू करून किमान अर्धा तास स्थिरावू द्यावा, मोबाइल दूर ठेवावा आणि शून्य सरकते आहे का हे पाहत राहावे. आणि छतावरचा पंखा बंद करावा. आम्हांला पंख्याखाली बसायची इतकी सवय असते की त्याचा वारा लक्षातच येत नाही, पण तराजूच्या ताटलीला तो दोन-तीन दशांश ग्रेनने सहज हलवतो. घाम आला तरी चालेल. घाम पुसावा, पण ताटलीत पडू देऊ नये.

सर्वांत अचूक माप कसे शोधावे?

येथे बहुतेकांचा वेळ, दारू आणि नळीचे आयुष्य वाया जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. प्रचलित रीत अशी की प्रत्येक पायरीच्या तीन-तीन गोळ्या झाडायच्या आणि ज्या मापाची तीन छिद्रे सर्वांत जवळ पडली ते माप विजयी ठरवायचे. पण तीन गोळ्यांचा समूह योगायोगाने लहान येऊ शकतो आणि योगायोगानेच मोठा येऊ शकतो. तेच माप, तीच रायफल, तोच नेमबाज असताना लागोपाठच्या तीन-तीन गोळ्यांच्या समूहांत दुपटीचा फरक पडणे हे नेहमीचेच आहे. दहा मापांच्या तीस गोळ्या झाडल्या की त्यांतील एखादा समूह सुंदर दिसणारच, आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा येत नाही म्हणून लोक वाऱ्याला, प्रायमरला, स्वतःच्या श्वासाला दोष देतात.

वेगातील चढउताराचेही तसेच आहे. पाच गोळ्यांवरून काढलेले प्रमाण विचलन (वेग सरासरीपासून साधारण किती हटतो त्याचे माप) पाहा: खरे विचलन त्या आकड्याच्या ०.६ पट असू शकते किंवा २.९ पटही असू शकते, इतकी अनिश्चितता ९५ टक्के विश्वासाच्या हिशेबात राहते. वीस गोळ्या झाडल्या की ही मर्यादा ०.७६ ते १.४६ पट इतकी आवळली जाते. म्हणजे पाच गोळ्यांत सेकंदाला तीन मीटर आले आणि दुसऱ्या मापाला पाच मीटर आले, तर दोहोंत फरक आहे असे म्हणण्याला काहीही आधार नाही.

मी करत असे ते असे. आधी प्रत्येक पायरीची एकच गोळी झाडून, वेग आणि पुंगळी पाहून, माझ्या रायफलची वरची सुरक्षित मर्यादा कोठे आहे हे ठरवायचे. मग त्या मर्यादेच्या बरेच खाली, शक्यतो पुंगळी दारूने चांगली भरेल अशा भागात, एक-दोनच मापे निवडायची. त्या प्रत्येकाच्या किमान दहा आणि जमल्यास वीस गोळ्या, एकाच कागदावर, नळी थंड होऊ देत झाडायच्या. यातून जे चित्र मिळते ते तीन गोळ्यांच्या चित्रापेक्षा नेहमीच कुरूप दिसते, पण ते खरे असते. समूह पसंत पडला नाही तर दारूच्या दशांशांशी खेळत बसण्यापेक्षा आधी गोळी बदलून पाहावी आणि मग दारूचा प्रकार बदलून पाहावा. माझ्या अनुभवात अचूकतेतील मोठी उडी जवळजवळ नेहमी चांगल्या गोळीने आणि चांगल्या नळीने दिली, दारूच्या मापाने क्वचितच.

त्यातही मी असे माप पसंत करी की ज्याच्या ०.३ ग्रेन वर आणि ०.३ ग्रेन खाली गेले तरी गोळ्या लक्ष्यावर त्याच उंचीला पडतात. असे माप तराजूची किरकोळ चूक आणि दिवसाचा उष्मा सहन करते. एका ठरावीक दशांशावरच उत्तम वाटणारे आणि शेजारच्या दशांशावर बिघडणारे माप हा बहुधा थोड्या गोळ्यांनी निर्माण केलेला भास असतो.

दशांश ग्रेनचा फरक लक्ष्यावर दिसतो का?

३०८ एवढ्या काडतुसात ०.१ ग्रेनने वेग सेकंदाला सुमारे दोन मीटर बदलतो. शंभर मीटरवर सेकंदाला दहा मीटरचा फरकही गोळीला केवळ दोन-एक मिलिमीटर वर-खाली नेतो, जो कोणालाही दिसणार नाही. सहाशे मीटरवर मात्र तोच फरक दहा सेंटिमीटरच्या आसपास होतो. शंभर मीटरवर नेमबाजी करणाऱ्याने त्यामुळे दाणे मोजत बसू नये.

एकाच पुंगळीत दोनदा दारू पडणे किंवा अजिबात न पडणे कसे टाळावे?

टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवावा आणि मापयंत्रावर तिचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावावी. रिकाम्या पुंगळ्या तोंड खाली करून ठेवाव्यात, दारू भरली की तोंड वर. पन्नासचा ट्रे भरून झाला की गोळी बसवण्यापूर्वी विजेरी धरून सर्व पुंगळ्यांत पातळी सारखी आहे का ते पाहावे. पुंगळी चांगली भरणारी दारू निवडण्याचा आणखी एक फायदा येथे दिसतो, कारण ती दुसऱ्यांदा ओतली तर सांडून चूक उघड करते. कोणी बोलायला आले, फोन वाजला, वीज गेली, की हातातली पुंगळी रिकामी करून पुन्हा सुरुवात करावी. थकलेले असताना किंवा एखादा पेग घेतलेला असताना हे काम करू नये.

घोडा दाबला आणि काहीच झाले नाही, किंवा आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर?

काहीच झाले नाही तर नळी लक्ष्याच्या दिशेने तशीच धरून किमान तीस सेकंद, आणि रेंजचा नियम अधिक सांगत असेल तर तितका वेळ थांबावे; दारू उशिरा पेट घेऊ शकते. दबका आवाज आला, धक्का कमी जाणवला किंवा कागदावर छिद्र दिसले नाही, तर पुढची गोळी कदापि झाडू नये. बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. गोळी अडकली असेल तर दुसऱ्या गोळीने ती ढकलण्याचा विचारही करू नये, जाणकार शस्त्रकाराकडे रायफल न्यावी.

मी गोव्यात परवान्याची रायफल बाळगतो आणि कारखान्याची काडतुसेच वापरतो. मला यातले काय उपयोगी?

बरेच काही. तुमच्यासाठी दारूचे माप पुण्याजवळच्या खडकी किंवा जळगाव जिल्ह्यातील वरणगाव यांसारख्या कारखान्यात दाब मोजून ठरवलेले असते, आणि तुमचे काम ते बिघडू न देण्याचे आहे. काडतुसे उन्हात आणि बंद मोटारीत ठेवू नका. पावसाळ्यात ती कातडी पट्ट्यात ठेवू नका, कारण कातड्यातील ओलावा आणि आम्लाने पितळेवर हिरवा थर चढतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणारी पुडी घालून, कुलपात ठेवा. हिरवी पडलेली, चिरलेली किंवा गोळी आत सरकलेली काडतुसे झाडू नका, ती नियमानुसार जमा करा. रायफलवर कोरलेला कॅलिबर आणि काडतुसाच्या बुडावरचा कॅलिबर अक्षर न अक्षर जुळतो का ते दर वेळी पाहा. शक्य असेल तेव्हा एकाच लॉटची काडतुसे घ्या आणि नवा लॉट आला की रेंजवर नेमदर्शक पुन्हा जुळवून घ्या. ज्यांची नेमबाजी पॉइंट टू टू रिमफायरवर चालते त्यांना पुनर्भरणाचा प्रश्नच येत नाही, कारण त्या काडतुसात प्रायमरचे रसायन पुंगळीच्या कडेतच असते आणि सुईने ती कड एकदा चेपली की पुंगळी पुन्हा वापरता येत नाही. तेथे अचूकता शोधायची ती वेगवेगळे लॉट आपल्याच नळीतून झाडून पाहूनच.